प्रफुलच्या काळजातली चरबी

प्रफुल गेला त्या सकाळी मयुरीनं त्याला लिंबाचं सरबत करून दिलं होतं. पुढं कितीतरी महिने कारंज्यात तिची ओळख तेवढीच उरली. नवऱ्याला सरबत पाजणारी.

प्रफुल म्हणजे महादेवरावांचा थोरला. हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, रंगाचे डबे, कुंपणाची तार असं सगळं तिथं मिळायचं. बाप गल्ल्यावर बसायचा, थोरला माल उतरवून घ्यायचा, धाकटा निकेश उधारीच्या लोकांशी गोड बोलायचा. प्रफुलला दुकानापेक्षा व्हॉलीबॉल प्यारा. तळेगाव, आष्टी, आर्वी, जिथं कुठं स्पर्धा असेल तिथं हा मोटारसायकल काढून हजर. सहा फुटी, सडसडीत, नेटच्या वर अर्धं अंग काढून चेंडू मारायचा. त्याला साधी सर्दी झालेली मयुरीनं पाहिली नव्हती.

म्हणजे, दोन गोष्टी सोडल्या तर. एकदा एका बारशाच्या पंगतीत वाढता वाढता तो धाडकन खाली पडला होता. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल हुंगवली, आणि जरा वेळानं तो उठून बसला, हसला, पुन्हा वरणाची बादली घेऊन वाढायला लागला. दुसरी गोष्ट घरातली. कधी आडवा झाला की तिचा हात ओढून छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "पाह्य, आतमधी पाखरू फडफडून राह्यलं." तिला वाटायचं, लाडात आलाय. मध्ये त्यांची लहानगी जुई निजलेली असायची, म्हणून ती हात काढून घ्यायची.

त्या दिवशी बाजार समितीमागच्या मैदानावर अंतिम सामना होता. प्रफुलनं उडी घेतली, चेंडू पलीकडच्या रेघेत हाणला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि तो खाली आला तो गुडघ्यावरच. मग तोंडावर. सोबत्यांना वाटलं, पाय मुरगळला. उताणा करून पाहिलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोत कडाक्याचं वाजलं होतं. तिला केळझरला माहेरी जायचं होतं, त्याला सामना खेळायचा होता, एवढंच कारण. पण शेजारच्या तानाबाईनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं. मयुरी रागात म्हणाली होती, "एक दिवस तुमचा तो बॉलच तुमाले घेऊन जाईन." घराघरात बायका असं बोलतात. ज्यांचे नवरे दुसऱ्या दिवशी जिवंत असतात, त्यांचं बोलणं कोणी लक्षात ठेवत नाही.

तेरवीच्या दिवशी भरल्या मांडवात बायकांमध्ये सासू बोलली. देवकाबाई एरवी मऊ बाई. सुनेला डोहाळजेवणाला स्वतःच्या पाटल्या घालणारी. पण त्या दिवशी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माहा पोरगा दगडासारखा होता. सकायी त्याच्या पोटात काय गेलं, ते पाजणाऱ्यालेच मालूम."

मयुरीनं वर पाहिलं तेव्हा सगळ्या बायका आपापल्या ताटात पाहत होत्या.

गावात तीन तट पडले. काही म्हणत, लसीनं गेला. काही म्हणत, मैदानावर बाहेरचं काही लागलं. आणि बाकीचे सरबत म्हणत. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली होती, पोटातलं तपासायला पाठवलं होतं. दोनदा त्यांनी मयुरीला बसवून विचारलं, लिंबू कुठून आणलं, साखर कोणत्या डब्यातली. शवविच्छेदन करणारा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर नुकताच शिकून आलेला होता. त्याला प्रफुलच्या काळजाचा उजवा कप्पा नेहमीपेक्षा पातळ दिसला, वर पिवळे पिवळे डाग दिसले. त्यानं ते काळीज औषधाच्या पाण्यात घालून मेडिकल कॉलेजात पाठवून दिलं. घरी मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं.

पोटातलं तपासून आलं. विष नव्हतं. महादेवरावांनी जेवता जेवता सांगितलं, "काई निघालं नाई म्हणते." देवकाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि भिंतीकडे पाहून म्हणाली, "आजकाल असेही विष येते. निघतच नाई."

मयुरीनं त्या दिवसापासून घरात कोणाला हातानं काही प्यायला देणं सोडलं. सासऱ्यांचा चहा करायची, ओट्यावर ठेवायची, आणि आत निघून जायची. ज्याला प्यायचा त्यानं घ्यावा.

मग मेडिकल कॉलेजातून निरोप आला की प्रफुलच्या काळजाची तपासणी झाली आहे, बायकोनं आणि वडिलांनी भेटून जावं. महादेवराव गाडी घेऊन वर्ध्याला निघाले. सून मागच्या सीटवर.

डॉक्टर अन्नपूर्णा मॅडम पन्नाशीच्या होत्या. आवाज घोगरा, केस कसेतरी वर बांधलेले. त्यांच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांनी एकदम पाहायची सोय होती. मॅडम मयुरीकडे वळल्या.

"तुम्ही त्यांच्या मिसेस? बघायचं आहे का? नको वाटलं तर नका बघू. पण बघितलंत तर समजेल."

"पाह्यते," मयुरी म्हणाली.

महादेवराव खुर्चीत तसेच बसून राहिले. "मले काय समजते त्याच्यातलं."

मॅडमनी आधी दुसऱ्याच कोणाच्या काळजाची काच लावली. निरोगी माणसाच्या. मयुरीनं डोळा लावला. गुलाबी धागेच धागे, एकाला एक चिकटून, घट्ट विणलेल्या गोधडीसारखे. मग मॅडमनी काच बदलली.

"आणि हे तुमच्या मिस्टरांचं."

मयुरीला आधी वाटलं, काहीतरी चुकलं, काचेला भोकं पडलीत. सगळीकडे पांढरे रिकामे गोल होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना लागून. त्यांच्या मधून कुठं कुठं गुलाबी धागे गेले होते. बारीक, तुटके, एकमेकांपासून लांब पडलेले.

"ते गोल दिसतात ना, ती चरबी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आणखी एक काच लावली. ही वेगळ्या रंगात बुडवलेली होती. "आता पाहा. निळं आहे तो व्रण. जखम भरली की चामडीवर राहतो, तसाच काळजात. लाल आहे ते जिवंत मांस. किती उरलंय बघा."

लाल फार थोडं होतं. निळ्या पट्ट्यांनी ते वेढून टाकलं होतं, आणि निळ्याच्या भोवती पुन्हा तो पांढरा साबुदाणा. या एवढ्याशा लालावर हा माणूस उड्या मारत होता. सिमेंटची पोती उचलत होता. जुईला खांद्यावर घेऊन बाजारात फिरत होता.

"उजव्या कप्प्यात थोडी चरबी सगळ्यांच्याच असते," मॅडम सांगत होत्या. "नुसती चरबी असती तर मी तुम्हाला बोलावलं नसतं. पण इथं मांस मरत गेलंय आणि त्याच्या जागी व्रण आणि चरबी भरत गेली. काळजात ठोक्याचा करंट फिरत असतो. त्याची वाट अशी तुटली की तो भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगरतो. खेळताना, पळताना जास्त. त्यांना कधी चक्कर आली होती? छातीत धडधड?"

"पाखरू फडफडते म्हणत होते," मयुरी म्हणाली. तिनं काढून घेतलेला हात तिला मांडीवर जड वाटायला लागला.

महादेवरावांनी घसा साफ केला. "मॅडम, हे खाल्ल्या-पेल्यानं होते काय? का मंग लसीनं?"

"नाही हो. एका घोटानं, एका सुईनं असं होत नाही. हे व्हायला कित्येक वर्षं लागतात. आजार जन्मापासून रक्तात असतो. बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो." त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. त्यांचा भाऊ आहे ना? त्याची तपासणी करून घ्या. लवकर. तोवर त्याला पळू-खेळू देऊ नका. मुलगी आहे म्हणालात, तिची. आणि तुमची दोघांची पण."

महादेवराव उठून उभे राहिले. हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे."

बाहेर येईपर्यंत मयुरीला पाय जमिनीला लागल्याचं जाणवत नव्हतं. तिला रडूही येत होतं आणि कित्येक महिन्यांनी पोटभर श्वासही येत होता. एका घोटानं असं होत नाही. हे मामाजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आता घरी गेल्यावर ते सांगतील, आत्याबाई ऐकतील, तानाबाईच्या भिंतीपलीकडे आपोआप जाईल. सासूला ती आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. लग्न होऊन आल्यापासून तिचा त्यांच्यावर जीव होता.

आर्वीच्या पुढं महादेवरावांनी चहासाठी गाडी थांबवली. तिच्यासाठी चहा, जुईसाठी बिस्किटाचा पुडा. पुडा तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "सूनबाई, हे घरी बोलाचं नाई. बाहेर त नाईच नाई."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"निकेशचं तळेगावले जमलं. साक्षगंध झालं. पोरीचा बाप, बाबाराव, मोठा माणूस हाय, चार तालुक्यात त्याचं कृषी केंद्राचं नाव हाय. आपल्या रक्तात असं काई हाय म्हणून पसरलं त सोयरीक मोडीन. पुढं कोणी दारात उभं नाई करणार आपल्याले."

"पण निकेशभाऊची तपासणी?"

"लग्न होऊ दे. मंग पाहू."

"आन् माह्यावरचा आळ, मामाजी?"

महादेवरावांनी बशीत ओतलेला चहा फुंकला. "पोलिसाईनं सोडलं ना तुले?"

"आत्याबाईनं नाई सोडलं."

"बाईमाणूस हाय. दुःखात बोलते. दुःख ओसरलं का आपोआप बंद होईन." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "थोडं सोस घरासाठी. तूही याच घरची हायस."

घरची आहे म्हणून ती विष पाजणारी राहिली तरी चालणार होतं. घराच्या रक्ताला डाग लागण्यापेक्षा सुनेच्या हाताला लागलेला बरा. मयुरीनं चहा तसाच ठेवला. महादेवराव वाईट माणूस नव्हते, हीच मोठी पंचाईत होती. वाईट असते तर तिला भांडता आलं असतं.

ती महिनाभर गप्प बसली. मग एक दिवस निकेश अंगणात लोखंडी डंबेल्स उचलत होता. घामानं निथळत होता, मोबाइलवर गाणं लावलेलं. मयुरी कपडे वाळत घालत होती. तिच्यानं राहवलं नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. काचेवरचे गोल, निळे पट्टे, मॅडमचं म्हणणं, सगळं.

निकेशच्या हातातलं डंबेल खाली आलं. चेहरा उतरला. क्षणभर तिला प्रफुलच समोर उभा असल्यासारखं वाटलं, तसंच कपाळ, तशाच जाड भुवया.

"मले काई नाई होत, वहिनी," तो म्हणाला.

"तुमच्या दादालेही काई होत नोयतं."

"तो कधी जेवत होता वेळेवर? मी डाएटवर हाय." मग एकाएकी तो चिडला. "तुमाले काय वाटते, तुमचं वाटोळं झालं त माह्यंही व्हावं? लग्न नाई होऊ द्याचं काय माह्यं?"

"लग्न करा ना भाऊ. फक्त एकडाव तपासून या. मी येते संग."

त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

मग तिनं तळेगावची एसटी पकडली. घरी सांगितलं, माहेरी जाते. जुईला कडेवर घेऊन, रस्ता विचारत ती बाबारावांच्या घरी पोचली. बाबारावांनी दार उघडलं ते हसतच.

"या सूनबाई. कालच तुमच्या सासऱ्याचा फोन आलता. म्हणत होते, थोरलीच्या मनावर परिणाम झाला हाय, कधी येईन आन् काईबाई बोलून जाईन, मनावर नोका घेऊ."

म्हणजे निकेशनं बापाला सांगितलं होतं. मयुरी उंबऱ्यातच उभी राहिली. घरच्या बाईनं पाणी आणलं, जुईच्या हातात लाडू दिला, कुंकवाचा करंडा मात्र आतच राहिला. तिच्यासाठी तो बाहेर येणार नव्हताच.

आतल्या दाराच्या चौकटीला टेकून एक पोरगी उभी होती. हीच आकांक्षा. डी.फार्म झालेली, बापाच्या कृषी केंद्राशेजारीच तिचं औषधाचं दुकान टाकायचं चाललेलं. मयुरीनं बाबारावांना सोडलं आणि तिच्याकडे पाहून बोलायला लागली.

"तुह्यं शिक्षण दवाईचं हाय, तुले समजीन. माह्या मालकाच्या काळजाचा उजवा कप्पा म्या माह्या डोयानं पाह्यला. मांस मरून तिथं चरबी भरली होती. रक्तातून येते म्हणते. मी लग्न मोडाले आली नाई. तपासणी करून घ्या म्हणा, एवढंच सांगाले आली. दुसरं काई नाई."

आकांक्षा तिच्याकडे पाहत राहिली. डोळे मोठे, स्वच्छ. मग म्हणाली, "बरं, ताई."

एवढंच. बाबाराव तिला स्टँडपर्यंत सोडायला आले. अदबीनं, हातभर अंतर ठेवून, वेड्या माणसाबरोबर चालावं तसे.

कारंज्याला परतली तेव्हा महादेवरावांनी तिची सुटकेस दारात आणून ठेवली होती. त्यांनी तिला शिवी दिली नाही. ऑटोवाल्याला स्वतः सांगितलं, सामान नीट ठेवजो. जुईच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगा असता तर त्यांनी नेऊ दिला नसता, हे मयुरीला त्याच वेळी कळलं आणि तिनं ते गिळलं. देवकाबाई बाहेर आलीच नाही.

केळझरला तिचे वडील, बापूजी, ओलिताची शेती करत होते. भाऊ-भावजय होते. कोणी तिला नको म्हटलं नाही, कोणी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सेलूच्या एका बालवाडीत तिला काम मिळालं. जुईला घेऊन ती मॅडमकडे गेली. जुईचं काळीज आता तरी चांगलं दिसत होतं. पण रक्तात ते आहे की नाही हे शोधायला घरातल्या आजारी माणसाचं रक्त हवं, म्हणजे नेमकी खोट कुठं आहे ते कळेल, असं मॅडम म्हणाल्या. प्रफुलच्या काळजाचे तुकडे मेणात होते, पण औषधाच्या पाण्यात फार दिवस राहिलेल्या त्या तुकड्यांतून ते नीट निघत नव्हतं. मेलेल्या माणसाचा उपयोग संपला होता. जिवंत माणूस यायला तयार नव्हता.

लग्न झालं. तिला आमंत्रण नव्हतं. वरातीत निकेश डीजेपुढं खूप नाचला, असं कोणाकडून तरी कळलं. त्याला काही झालं नाही. कारंज्यात लोक म्हणाले, पाहा, काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी, एका चतुर्थीला, मयुरी अंगणात तूर पाखडत होती. हार-फुलं विकणारे बंडूजी टेकडीकडून धावत आले. केळझरच्या गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, बंडूजींचं दुकान पायथ्याशी. "मयुरे, कारंज्याचे कोणी पाव्हणे हायेत. पोट्टा पायऱ्यावर पडला. त्याची बायको तुह्यं नाव घेऊन राह्यली."

मयुरी सूप टाकून अनवाणी पळाली.

निकेश मधल्या पायऱ्यांवर आडवा होता. ओठ निळसर, अंग घामानं थंडगार, पण श्वास चालू होता. आकांक्षा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. पाच महिन्यांचं पोट. हातातलं पूजेचं ताट उलटून नारळ खालच्या पायरीपर्यंत घरंगळत गेला होता. कोणीतरी निकेशच्या नाकाला कांदा लावत होतं. मयुरीनं तो कांदा हिसकून लांब भिरकावला.

रुग्णवाहिका आली. मयुरी त्यात चढली आणि आतल्या माणसाला एकच गोष्ट सांगत राहिली, "याचा भाऊ असाच गेला. उजव्या कप्प्याचा आजार हाय घरात. मेडिकल कॉलेजातच न्या, मंधात कुठं थांबू नोका." तिथं पोचल्यावर त्यांनी त्याच्या छातीला विजेचा झटका दिला. गरगरणारा भोवरा थांबला. ठोके रांगेत आले. निकेश वाचला.

तपासणी झाली. प्रफुलच्या काचेवर जे दिसलं होतं, त्याचीच सावली निकेशच्या काळजाच्या फोटोत दिसली. उजवा कप्पा फुगलेला, भिंत पातळ. खांद्याच्या हाडाखाली एक यंत्र बसवायचं ठरलं. ठोका बिघडला की ते आतून झटका देणार.

महादेवराव आले, देवकाबाई आली, बाबाराव आले. हृदयाचे डॉक्टर समजावून सांगत होते. महादेवराव खाली मान घालून ऐकत होते. मग मान वर करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे पहिलेच कोणी सांगतलं असतं त आम्ही असं होऊ देलं असतं काय?"

डॉक्टरांनी पुढ्यातले कागद चाळले. "तुमच्या मोठ्या मुलाच्या वेळी सांगितलेलं दिसतंय इथं."

"ते सूनबाईले सांगतलं असन," महादेवराव म्हणाले. "आमाले कुठं."

मयुरी दोन हातांवर उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आणि ते खोटं बोलताना त्यांचा आवाज इतका खरा होता की तिला वाटलं, त्यांचा स्वतःचाही यावर विश्वास बसलाय. बाकड्यावर देवकाबाई शेजारी बसलेल्या बाईच्या कानात म्हणत होती, "माह्या दोन्ही पोराईले एकाच बाईची नजर लागली. पाह्य ना, पडला त कुठी पडला? हिच्याच गावात."

मयुरी तिथून निघून व्हरांड्यात गेली. नळावर तोंड धुतलं. मागं कोणी उभं आहे असं वाटलं म्हणून वळली. आकांक्षा होती.

मयुरीला वाटलं, ही आता पाया पडेल. किंवा रडेल. तसं काही झालं तर काय म्हणायचं, हेही तिनं मनात ठरवून टाकलं.

"ताई, तुमी एकदाच काऊन आल्या?" आकांक्षा म्हणाली.

"काय?"

"तळेगावले. एकदा आल्या, दाराच्या बाहेरून बोलल्या आन् गेल्या. मंग फोन काऊन नाई केला? दुकानात काऊन नाई आल्या? दहा वेळा यायचं होतं. मी हाकलून देलं असतं तरी यायचं होतं."

मयुरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मले पागल ठरवलं होतं तुह्या बापानं. तुले तरी कुठं खरं वाटलं होतं?"

"वाटलं होतं," आकांक्षा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "मी त्याच दिवशी पुस्तकात पाह्यलं. सगळं जुळत होतं, भाऊ खेळता खेळता जाणं, चक्कर. मी आईले सांगतलं. आई म्हणाली, पत्रिका वाटून झाल्या. मी म्हटलं, ताई पुन्हा आल्या त बाबाले सांगू. तुमी आल्याच नाई." तिनं पोटावर हात ठेवला. "आता याच्यात काय हाय, ते मी कोणाले विचारू?"

तिचं म्हणणं धडधडीत अन्यायाचं होतं. मयुरीला ते फेकून देता आलं असतं. पण आतमध्ये कुठंतरी ते रुतलं, कारण तळेगावहून परतताना एसटीत आपल्याला काय वाटलं होतं हे तिला आठवलं. वाटलं होतं, आपण सांगून मोकळ्या झालो. आता मरा.

"मॅडमले विचार," ती म्हणाली. "अन्नपूर्णा मॅडम. खाली तिसरी खोली. सांग, प्रफुलच्या भावाची बायको."

आकांक्षा गेली. नमस्कार नाही, काही नाही. नंतर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत.

निकेशचं रक्त बाहेरच्या शहरात तपासून आलं. खोट सापडली. ती बापाकडून आली की आईकडून हे पाहायला महादेवरावांना आणि देवकाबाईला रक्त द्या म्हटलं. महादेवराव म्हणाले, आता या वयात काय पाहायचं. देवकाबाईही नको म्हणाली. त्या घरात ते कोणाला कळलं नाही, आणि कोणाला कळून घ्यायचंही नव्हतं. निकेश दुकानात बसतो. जड उचलत नाही. कारंज्यात सांगतात, त्याला गॅसचा त्रास झाला होता. सरबताची गोष्टही पुसली गेलेली नाही. आता ती जुनी झाली आहे, एवढंच.

निकेशच्या रक्तावरून जुईचं रक्त तपासता आलं. मॅडमनी मयुरीला समोर बसवून सांगितलं. जुईत ती खोट आहे. आत्ता काळीज चांगलं आहे, कदाचित पुष्कळ वर्षं चांगलंच राहील. दर वर्षी दाखवायला आणायचं. शर्यती, स्पर्धेचे खेळ नकोत. घरात बागडू दे, पण धावण्यात नाव घालू नका.

मयुरी ऐकत होती. ती रडली नाही. मॅडमनी विचारलं, पुन्हा एकदा काच बघायची आहे का, प्रफुलची, अजून जपून ठेवली आहे. ती नको म्हणाली.

जुई पहिलीत गेली होती. बापासारखीच लांब पायांची. शाळेच्या मैदानावर ती अशी सुटायची की वेण्या मागं आडव्या उडायच्या. शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा खेळाच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

"जुईचं नाव आम्ही शंभर मीटरमध्ये घातलंय. तालुक्यालासुद्धा जाईल ही पोरगी. तुम्ही नाव काढा म्हणून चिठ्ठी पाठवली. काय झालं? काही त्रास आहे का तिला?"

खोलीत आणखी दोन शिक्षिका बसल्या होत्या. दाराशी कोणाची तरी आई उभी होती. जुई आईचा पदर धरून वर पाहत होती.

मयुरीनं तोंड उघडलं. आजाराचं नाव तिला इंग्रजीतसुद्धा पाठ होतं. मराठीत तर तिनं ते उंबऱ्यावर उभं राहून, अंगणात, रुग्णवाहिकेत, किती जणांना सांगितलं होतं. समोरच्या बाई वाट पाहत होत्या. दाराशी उभी असलेली आई कान देऊन ऐकत होती. त्या बाईचा मुलगा जुईच्याच वर्गात होता. ही पोरं इथंच मोठी होणार होती, हीच घरं उद्या एकमेकांच्या दारात उभी राहणार होती.

"काई नाई, मॅडम," मयुरी म्हणाली. "पाय दुखते तिचा. उजवा. पडली होती."

"मम्मी, मी कधी पडली?" जुई म्हणाली.

मयुरीनं तिचा हात घट्ट धरला आणि तिला ओढतच खोलीबाहेर काढलं.